पत्र्याचे क्रूस

फार वर्षं झाली या गोष्टीला. दोन राजांच्या मुलखांमध्ये एक डोंगर होता आणि डोंगराच्या अलीकडे एक लहानसं गाव. गावाच्या टोकाला मातीच्या भिंतींचं, कौलांचं एक चर्च होतं. आत पन्नास माणसं बसली की एक्कावन्नाव्याला उंबऱ्यावर बसावं लागे. समुद्रापलीकडून आलेलं एक मिशनरी जोडपं तीस वर्षं ते चालवत होतं. गावकरी त्यांना पाद्रीबाबा आणि मडमबाई म्हणत. पाद्रीबाबा उपदेश करत. मडमबाई गावातल्या कुणाचंही गळू फोडत, जखम बांधत आणि बाळंतिणीजवळ रात्रभर बसत.

त्यांच्या हाताखाली सत्वशीलाबाई नावाची एक बाई होती. वय साठीला टेकलेलं, पण पाठ ताठ. चर्च झाडणं, सारवणं, आल्यागेल्यासाठी रांधणं आणि संध्याकाळी बायकांना जमवून देवाच्या गोष्टी सांगणं ही तिची कामं. गावात तिला सगळे ओळखत. थोडे घाबरतही असत, कारण मनात आलेलं ती तोंडावर बोलून टाकी.

एका वर्षी पौष महिन्यात डोंगरापलीकडे लढाई पेटली. कशावरून पेटली, ते पळून येणाऱ्यांपैकी कुणालाच सांगता येईना. आपली घरं जळताना पाहिली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ती माणसं खिंडीतून उतरून येऊ लागली. कुणाच्या खांद्यावर म्हातारा बाप, कुणाच्या डोक्यावर नुसतंच रिकामं पातेलं. पायांना चिंध्या बांधलेल्या.

पहिल्या दिवशी बारा माणसं आली. पाद्रीबाबांनी चर्चची बाकं बाहेर काढली आणि आत पेंढा पसरला. आठव्या दिवशी दोनशे माणसं झाली. काही आत, काही पडवीत, काही मडमबाईंच्या घरात, तर काही सत्वशीलाबाईच्या खोपटात. कुणालाही कुणी जात विचारली नाही, देव विचारला नाही. सत्वशीलाबाई सकाळी चूल पेटवी ती दिवे लागेपर्यंत. मोठ्या हंड्यात नाचणीची आंबील शिजे आणि वाटी घेऊन येईल त्याला मिळे.

गावही मागे राहिलं नाही. पाटलांच्या घरून रोज दुधाची चरवी येई. कुणी सरपण आणून टाकी, कुणी जुनं लुगडं. चर्चमध्ये कधी पाऊल न टाकलेली माणसं पडवीत बसून पोरांचे पाय धुऊ लागली.

पण दोनशे तोंडं म्हणजे थोडी नव्हेत. चर्चची कोठी रिकामी होत आली, तेव्हा पाद्रीबाबांनी बंदरावरच्या मोठ्या मिशन मंडळीला पत्र लिहिलं. त्याच मंडळीनं त्यांना या मुलखात धाडलं होतं.

पत्र गेल्यापासून दहाव्या दिवशी सात बैलगाड्या आल्या. तांदूळ, गूळ, मीठ आणि नव्याकोऱ्या घोंगड्यांचे ढीग. गाड्या पाहून लहान पोरं नाचायला लागली. सत्वशीलाबाईनं पदरानं डोळे पुसले.

पहिल्या गाडीतून मंडळीचे अध्यक्ष उतरले. गोरेपान पाय, गुळगुळीत दाढी, अंगावर गरम कोट. त्यांनी सगळीकडे फिरून पाहिलं. तोंडानं चुकचुकले. मग पाद्रीबाबांच्या घरात बसून त्यांनी एक लाकडी पेटी उघडली. पेटीत दोऱ्यात ओवलेले पत्र्याचे लहान लहान क्रूस होते.

ते म्हणाले, "उद्यापासून शिस्त लावू. ज्यांना आपला धर्म घ्यायचा आहे, त्यांच्या गळ्यात हा घाला. रविवारी त्यांचा बाप्तिस्मा करू. त्यांना चर्चच्या आत जागा, पोटभर भात आणि घोंगडी. बाकीच्यांनी मागच्या वाडग्यात झोपावं. आतल्यांचं झाल्यावर उरेल ते त्यांना द्या."

मागचा वाडगा म्हणजे चर्चच्या मागच्या भिंतीला लागून असलेला, काट्यांच्या कुंपणाचा, वर छप्पर नसलेला मेंढरांचा गोठा.

पाद्रीबाबा अडखळले. "साहेब, थंडी फार आहे. आणि ही माणसं आत्ता काही विचार करायच्या मनःस्थितीत नाहीत."

"सक्ती कुणावर आहे?" अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "ज्याला हवं त्यानं घ्यावं. नाहीतर मी गाड्या पुढच्या गावी नेतो. तिथेही लोक आहेतच."

पाद्रीबाबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. पोरं गाडीच्या चाकांवर चढून गुळाचा वास घेत होती. मडमबाई उठून आत गेल्या.

पेटी सत्वशीलाबाईच्या हातात आली.

आता इथे खरं सांगायला हवं. मनात येईल ते तोंडावर बोलणारी ही बाई त्या दिवशी गप्प राहिली. तिनं पेटी घेतली. तिला वाटलं, दोनशे माणसं जगायची तर एवढं सोसलं पाहिजे. ती दारात उभी राहिली आणि येईल त्याच्या गळ्यात पत्रा अडकवू लागली.

एका माणसानं दोन मागितले. "एक बायकोला. तिचा पाय सुजलाय, ती येऊ शकत नाही."

एका पोरीनं विचारलं, "हा घातला की गूळ मिळतो ना?"

एक म्हातारा रांगेत पुढे आला, क्रूस पाहिला आणि मागे सरला. "बाई, सत्तर वर्षं ज्याला हात जोडले त्याला भातासाठी सोडू होय?" असं म्हणून तो आपलं बोचकं उचलून वाडग्याकडे चालू लागला. सत्वशीलाबाईला त्याच्या पाठीकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी पाटलांकडून दूध आलं नाही. सरपणही आलं नाही. ती स्वतःच चरवी घेऊन पाटलांच्या वाड्यावर गेली. पाटलीणबाई ओसरीवर शेंगा निवडत होत्या. त्यांनी वर न पाहताच विचारलं, "कशाला आलात?"

"दूध, वहिनी. लेकरं आहेत."

"लेकरांसाठीच देत होतो. पण आता म्हणे लेकराच्या गळ्यात काय आहे ते बघून दूध पाजता. आमच्या गाईच्या दुधानं तुम्ही माणसं विकत घ्यायला लागलात, तर आम्ही काय म्हणून द्यावं?"

सत्वशीलाबाई रिकामी चरवी घेऊन परत आली. वाटेत दोनदा थांबली. पाटलीणबाईंचा राग आला नव्हता. राग आला होता तो स्वतःचा.

त्याच दुपारी हौसा नावाची एक बाई खिंडीतून आली. कडेवर तापानं फणफणलेली चार वर्षांची चिमी आणि हाताला धरलेली म्हातारी सासू. नवऱ्याला सैनिकांनी बैलांसकट ओढून नेलं होतं, तो कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं.

सत्वशीलाबाईनं ठरलेलं बोलणं बोलून दाखवलं. बोलताना तिची नजर जमिनीवर होती.

हौसानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "घाला," ती म्हणाली, "मला आणि पोरीला. काय घालायचं ते घाला. पोर आत निजू दे."

"आणि या?"

म्हातारीनं मान हलवली. तिच्या मनगटाला काळा गंडा होता, त्यावर तिनं दुसऱ्या हाताची मूठ आवळली. "मला नको, पोरी. माझं काय राहिलंय? मी बाहेर पडते."

"आत्याबाई, बाहेर हिव आहे," हौसा म्हणाली.

"तू लेकरू घेऊन आत जा. मी काही लांब नाही. भिंतीच्या त्या अंगाला तर आहे."

दिवस मावळायच्या आत हौसा आपल्या वाट्याची घोंगडी घेऊन वाडग्यात गेली आणि सासूच्या अंगावर घालून आली. पाठोपाठ अध्यक्षांचा कारकून गेला. त्यानं म्हातारीच्या अंगावरची घोंगडी काढली, घडी केली आणि हौसाच्या हातात आणून दिली. "ही आतल्यांसाठी आहे," तो म्हणाला, "उद्या सगळेच असं करायला लागतील."

सत्वशीलाबाई चुलीपाशी होती. तिनं ते पाहिलं. पळी हातात तशीच राहिली, पण ती उठली नाही.

दुसरा दिवस रविवार. सकाळी वाडग्यातले लोक उठले, म्हातारी उठली नाही. ती भिंतीला अगदी चिकटून, गुडघे छातीशी घेऊन आडवी होती. लुगड्यावर दव गोठलं होतं. भिंत फार तर हातभर जाड होती. भिंतीच्या आतल्या अंगाला, तिच्या डोक्यापासून दोन हातांवर, न वाटलेल्या चाळीस घोंगड्या दोरीनं बांधून रचून ठेवलेल्या होत्या.

हौसा रडली नाही. तिनं सासूचे पाय सरळ केले, पदर नीट केला. मग आपल्या गळ्यातला क्रूस काढला, चिमीच्या गळ्यातला काढला आणि दोन्ही सत्वशीलाबाईच्या हातावर ठेवले.

"हे घ्या, बाई. हे घालून मी माझ्या माणसाला बाहेर ठेवलं."

सत्वशीलाबाई म्हातारीशेजारी खाली बसली.

"तुमच्या देवावर माझा राग नाही," हौसा म्हणाली. "त्यानं हे मागितलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही मागितलंत."

सत्वशीलाबाई तिथून निघाली ती थेट चर्चमध्ये शिरली. आत सगळी तयारी झाली होती. मधोमध तांब्याचं मोठं घंगाळ पाण्यानं भरून ठेवलेलं. गळ्यात पत्रा असलेली माणसं रांगेनं उभी. समोर खुर्चीवर अध्यक्ष, बाजूला झगा घातलेले पाद्रीबाबा. रात्रभर झोपले नसावेत असा त्यांचा चेहरा.

तिनं पेटी आणून अध्यक्षांच्या पायांशी ठेवली.

"बाहेर एक म्हातारी मेली आहे," ती म्हणाली. "थंडीनं मेली. तिच्या अंगावर घोंगडी होती, ती आपण काढून घेतली."

कुजबुज झाली. अध्यक्ष म्हणाले, "वाईट झालं. तिच्यासाठी प्रार्थना करू. पण बाई, तिला आत यायला कुणी मना केलं होतं? तिनंच नाही म्हटलं."

"कशाला नाही म्हणाली ती, साहेब? घोंगडीला नाही म्हणाली का?" सत्वशीलाबाईचा आवाज चढला नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "मी सात वर्षांची होते. दुष्काळात आईबाप गेले. या मडमबाईंच्या आधी एक मडमबाई होत्या, त्यांनी मला रस्त्याच्या कडेला उचललं. माझ्या तोंडात आधी पेज घातली. मी वांती केली तर पुन्हा घातली. माझं नाव काय, ते त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं. देवाचं नाव तर किती महिन्यांनी ऐकलं ते आठवतही नाही. ऐकलं तेव्हा मीच विचारलं होतं, असं करायला तुम्हाला कोण सांगतं म्हणून. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या पेजेआधी त्यांनी माझ्या गळ्यात पत्रा बांधला असता, तर मी आयुष्यभर पत्र्याचीच पूजा केली असती."

"हे भावनेचं बोलणं झालं," अध्यक्ष म्हणाले. "काम असं चालत नाही. पाद्रीसाहेब, सुरू करा. नाहीतर मला गाड्या जुंपायला सांगावं लागेल."

सगळ्यांच्या नजरा पाद्रीबाबांवर गेल्या. पाच गाड्या अजून भरलेल्या होत्या. दोनशे माणसं होती आणि थंडी अजून निम्मी सरायची होती. पाद्रीबाबांनी घंगाळातल्या पाण्याकडे पाहिलं.

मग त्यांनी झगा उतरवला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"आज बाप्तिस्मा होणार नाही," ते म्हणाले. "कुणाचाच नाही. हे मी पहिल्या दिवशीच म्हणायला हवं होतं. तेव्हा म्हटलं असतं तर ती बाई आज जिवंत असती. हा दोष साहेबांचा जेवढा आहे तेवढाच माझा आहे." ते रांगेकडे वळले. "ज्यांच्या गळ्यात क्रूस आहे त्यांनी तो काढून ठेवला तरी चालेल. जागा तीच राहील. बाहेरच्यांना आत बोलवा."

सत्वशीलाबाईनं घंगाळाची एक कडी धरली, मडमबाईंनी दुसरी धरली. दोघींनी ते पाणी बाहेर नेलं, चुलीवर कढत केलं आणि त्या पाण्यानं हौसाच्या सासूला शेवटची आंघोळ घातली. मनगटावरचा काळा गंडा त्यांनी जागच्या जागी राहू दिला.

म्हातारीच्या रीतीनं तिरडी बांधली. खांदा द्यायला घरचं कुणी नव्हतं. पाद्रीबाबा पुढे झाले. आधी रांगेतून मागे सरलेला तो सत्तर वर्षांचा म्हातारा आला. पायाला सूज आलेल्या बाईचा नवरा आला. चौथा खांदा कमी पडत होता. तेवढ्यात गावातून पाटील आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. कुणाशी न बोलता त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून कमरेला बांधला आणि चौथी बाजू धरली. मागून त्यांचे गडी सरणाची लाकडं घेऊन आले. अग्नी हौसानंच दिला. कुणी हरकत घेतली नाही.

ते सगळे परत आले तेव्हा अध्यक्षांची माणसं गाड्या जुंपत होती. कारकून घोंगड्या गोळा करत हिंडत होता. पांघरून बसलेल्या माणसांच्या अंगावरून तो त्या ओढू लागला, तेव्हा एका बाईनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, "ओढू नका. आम्हीच देतो." एकेकानं आपली घोंगडी घडी करून गाडीत ठेवली. प्रत्येक घडीवर एकेक पत्र्याचा क्रूस ठेवला. अध्यक्ष ते बघत होते. त्यांना राग आला होता. लाज मात्र शेवटपर्यंत वाटली नाही.

गाड्या गेल्या. पोरं वळणापर्यंत त्यांच्या मागे पळाली आणि परत आली.

त्या संध्याकाळी हंड्यात पाणीच जास्त होतं. सत्वशीलाबाईनं तेच सगळ्यांना सारखं वाढलं. सकाळी ती चूल पेटवायला उठली तर दारात दुधाची चरवी होती. शेजारी पाटलीणबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे दोन गडी नाचणीची पोती पाठीवर घेऊन.

"पेव उघडलं," पाटलीणबाई म्हणाल्या. "पुरेल असं नाही. पण जेवढं आहे तेवढं आहे."

"वहिनी, परवा तुम्ही बोललात ते—"

"ते राहू द्या. कुठे उतरवू ते सांगा."

गावातल्या प्रत्येक घरानं काही ना काही दिलं. पाद्रीबाबा झोळी घेऊन आजूबाजूची खेडी फिरले. कुणी दिलं, कुणी कुत्री अंगावर सोडली. चर्चमध्ये माणसं खेटून खेटून झोपली, पाटलांच्या गोठ्यात झोपली, देवीच्या सभामंडपात झोपली. चिमीचा ताप मडमबाईंनी उतरवला. त्या थंडीत आणखी दोन माणसं दगावली. पण ती माणसांच्या मांडीवर गेली. भिंतीबाहेर कुणी मेलं नाही.

फाल्गुनात मंडळीचं पत्र आलं. पाद्रीबाबांची नेमणूक रद्द झाली होती. त्यांनी पत्र वाचलं, मडमबाईंना वाचायला दिलं आणि नांगरट शिकायला पाटलांच्या शेतावर गेले. उरलेलं आयुष्य त्या दोघांनी त्याच गावात काढलं.

आणि अध्यक्षांचं काय झालं? त्यांच्यावर वीज पडली नाही. त्यांनी गाड्या पुढच्या गावी नेल्या. तिथे त्यांना कुणी अडवलं नाही. तीनशे माणसांनी गळ्यात क्रूस घातले, तीनशे बाप्तिस्मे झाले. बंदरावर अध्यक्षांचा सत्कार झाला, हार पडले. उन्हाळ्यात दोन्ही राजांनी तह केला आणि ती तीनशे माणसं घरी निघाली. त्यानंतर काही दिवसांनी एका गुराख्याला सीमेवरच्या आटलेल्या ओढ्यात पत्र्याचा ढीग सापडला. गुरांच्या पायाला लागू नये म्हणून त्यानं तो खड्डा खणून पुरून टाकला. सत्काराच्या वेळी अध्यक्षांनी ज्याला आपलं आयुष्यभराचं काम म्हटलं होतं, ते एवढंच होतं. त्यांना ते कधी कळलंही नाही.

लहान चर्चमधली माणसंही घरी निघाली. निघताना त्यांनी पेंढा उचलला, जमीन सारवली, बाकं आत नेऊन पुसून ठेवली. हौसा सगळ्यांत शेवटी निघाली. चिमी तिच्या पुढे धावत होती. सत्वशीलाबाई दारात उभी होती. त्या सकाळनंतर दोघी चार महिने एकाच चुलीवर राबल्या होत्या, पण म्हातारीबद्दल पुन्हा बोलल्या नव्हत्या.

"बाई," हौसा म्हणाली, "मला क्षमा-बिमा करता येत नाही. आत्याबाई आठवतात."

"मलाही आठवतात," सत्वशीलाबाई म्हणाली. "आठवायलाच हव्यात."

हौसानं बोचकं काखेला मारलं. मग म्हणाली, "एक विचारायचं होतं. तुमच्या देवाचं नाव काय? तेव्हा मी नीट ऐकलं नव्हतं. घरी गेल्यावर लोक विचारतील, एवढे दिवस कुणाच्या घरी राहिलात म्हणून. सांगता आलं पाहिजे."

सत्वशीलाबाईचे डोळे भरून आले. तिनं मान वळवली आणि चुलीजवळची दुरडी पुढे ओढली.

"सांगते," ती म्हणाली. "आधी वाटेसाठी भाकरी बांधून घे."

तात्पर्य विचाराल तर एवढंच: उपाशी माणसाला घास देण्याआधी त्याच्याकडून काही कबूल करून घेतलं, तर ती दया नसते, तो सौदा असतो; आणि असा सौदा ज्याच्या नावानं होतो, त्या देवाचीच त्यात सगळ्यांत जास्त बेअब्रू होते.